डोळ्यांच्या गोळ्यांची ‘सेम’ बदली : औषध दुकानांतल्या फार्मासिस्टांना खुले पत्र

प्रति,
औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहणारे सर्व फार्मासिस्ट बंधू-भगिनी,
महाराष्ट्र आणि गोवा

विषय : उतारवयातल्या डोळ्यांच्या आजारांसाठी विकल्या जाणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या

सप्रेम नमस्कार,

‘काका, ती कंपनी नाहीये, पण सेम कंटेंटची दुसरी आहे, देऊ का?’ पॅरासिटामॉलच्या बाबतीत हे वाक्य खरं असतं. डोळ्यांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या बाबतीत ते बहुतेकदा खरं नसतं. या गोळ्या ‘ताकदीच्या’ मानल्या गेल्यामुळे त्यांची बदली देताना कुणी दोनदा विचार करत नाही. आम्ही काही नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट आणि तुमच्यातलेच काही फार्मासिस्ट मिळून हे पत्र लिहितो आहोत, ते एवढंच सांगायला की ही गोळी एका आजाराच्या एका टप्प्यासाठी आणि ठरावीक मात्रेत कामाची आहे. मात्रा बदलली किंवा माणूस बदलला, की तिचा आधार संपतो. काही जणांना तर ती अपाय करू शकते.

आधी आजाराबद्दल. पेशंट ‘पडदा खराब झालाय’ म्हणतो तेव्हा त्यात मधुमेहाचा पडदा, काचबिंदू, जुना रक्तस्राव असं काहीही असू शकतं. व्हिटॅमिनच्या गोळीचा पुरावा आहे तो फक्त वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासासाठी, म्हणजे चिठ्ठीवर ‘एएमडी’ किंवा ‘एआरएमडी’ लिहिलेलं असतं त्यासाठी. मॅक्युला हा पडद्याचा मधला भाग. वाचायला, चेहरा ओळखायला, सुईत दोरा ओवायला तोच लागतो. वय वाढतं तसे त्याच्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमतात. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान साठे वयाचा भाग समजले जातात. ६३ ते १२५ मायक्रॉनचे असले तर आजाराची सुरुवात. त्याहून मोठे साठे दिसले किंवा पडद्याच्या रंगद्रव्यात बदल झाले, की ती मधली अवस्था, रिपोर्टमधली ‘इंटरमिजिएट’. शेवटची अवस्था दोन प्रकारची. एक कोरडी, ज्यात पडद्याचा तुकडा हळूहळू झिजून जातो (‘जिओग्राफिक अ‍ॅट्रोफी’), आणि दुसरी ओली, ज्यात पडद्याखाली नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या वाढतात आणि त्यांतून झिरपून पाणी किंवा रक्त साचतं (‘वेट एएमडी’ किंवा ‘सीएनव्हीएम’).

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने ११ केंद्रांवर ५५ ते ८० वयाचे ४,७५७ लोक घेऊन एक मोठा अभ्यास केला. त्याचं नाव एरेड्स, निकाल ऑक्टोबर २००१ मध्ये आला. ज्यांना मधली अवस्था होती किंवा एका डोळ्यात आजार शेवटच्या टप्प्याला गेला होता, अशांमध्ये नुसत्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळ्या घेणाऱ्या दर १०० जणांपैकी २८ जण पाच वर्षांत पुढच्या टप्प्यात गेले, आणि अँटिऑक्सिडंट (व्हिटॅमिन सी, ई वगैरे) व झिंक दोन्ही घेणाऱ्या दर १०० जणांपैकी २० जण गेले. जाहिरातीत ‘२५ टक्के संरक्षण’ असं छापतात ते यावरून. आकडा खोटा नाही, पण काउंटरवर सांगायचं असेल तर ‘शंभरात आठ जणांचा आजार वाढायचा थांबला’ असं सांगा. पेशंटला ते कळतं आणि त्याची फसगत होत नाही.

त्याच अभ्यासात सुरुवातीच्या अवस्थेतल्या लोकांना फायदा दिसला नाही. त्यांच्यातले पाच वर्षांत शेवटच्या टप्प्याला जाणारे शंभरात जेमतेम एक-दीड होते, त्यामुळे वाचवायला तिथे फारसं काही नव्हतंच. म्हणजे ‘वडिलांना आहे, मलाही आत्तापासून द्या’ म्हणणाऱ्या पंचेचाळिशीच्या मुलाला ही गोळी विकण्याला शास्त्राचा आधार नाही. त्याला बिडी-सिगारेट सोडायला सांगणं जास्त उपयोगाचं. या आजारात धूम्रपान हे आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण आहे.

आणि गोळीने दिसायला लागत नाही. गेलेली नजर ती परत आणत नाही, चष्म्याचा नंबर कमी करत नाही. म्हणून ‘महिनाभर घेऊन बघतो, गुण आला तर पुढे घेईन’ हा हिशेब इथे लागूच होत नाही. महिन्याभरात गुण येणारच नाही. फायदा मोजला गेला तो वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांत. ज्याला वर्षानुवर्षं परवडणार नाही त्याने एक डबा घेऊन पैसे घालवू नयेत, हेही तुम्हीच त्याला सांगू शकता.

आता मात्रा. हे आकडे एका कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवा. दिवसभराची एकूण मात्रा अशी : व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० आययू (आंतरराष्ट्रीय युनिट), झिंक ८० मिलिग्रॅम, कॉपर २ मिलिग्रॅम. पहिल्या अभ्यासात यांच्यासोबत १५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते) होतं. २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासानंतर (एरेड्स-२, ४,२०३ लोक) त्याच्या जागी ल्यूटीन १० मिलिग्रॅम आणि झिॲझँथिन २ मिलिग्रॅम (ही दोन्ही वनस्पतींतली पिवळी रंगद्रव्यं) आलं. ओमेगा-३ घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. तेव्हा ‘यात ओमेगा-३ पण आहे’ म्हणून महागडी स्ट्रिप पुढे करू नका.

झिंकचा मुद्दा जरा किचकट आहे. एरेड्स-२ मध्ये ८० ऐवजी २५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे कमी झिंकची गोळी लिहिणारा डॉक्टर चुकतोय असं समजू नका. पण ती निवड डॉक्टरांची. पुढ्यात कमी झिंकचा डबा आहे म्हणून तो दिला, याला निवड म्हणत नाहीत.

स्ट्रिप हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. पहिल्यांदा परवाना बघा. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ आकडी नंबर असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती गोळी अन्न आहे, औषध नाही, आणि तिच्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य छापलेलं असतं. २०१६ च्या अन्नपूरकांच्या नियमांत पोषक घटकांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) रोजच्या शिफारशीची मर्यादा घातली आहे. २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला व्हिटॅमिन सी ८० मिलिग्रॅम आणि झिंक १७ मिलिग्रॅम, स्त्रीला ६५ आणि १३.२. अभ्यासातली मात्रा याच्या कितीतरी पुढे : सी सहापटीहून जास्त, झिंक साडेचारपटीहून जास्त. म्हणजे शिफारशीच्या आत राहणारी गोळी अभ्यासातली मात्रा देऊच शकत नाही. डब्यावर पुढच्या बाजूला डोळ्याचं चित्र आणि अभ्यासाचं नाव कितीही मोठ्या अक्षरात असलं, तरी मागच्या तक्त्यात झिंक १२ मिलिग्रॅम असेल तर ते १२ मिलिग्रॅमच.

तक्ता वाचताना चुका होतात त्या अशा. झिंकपुढे लिहिलेला आकडा क्षाराचा आहे की मूलद्रव्याचा, हे आधी बघा. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम’ म्हणजे मूलद्रव्य झिंक फक्त साडेबावीस मिलिग्रॅम, कारण त्या क्षारात झिंक जेमतेम ३६ टक्के असतं. झिंक ऑक्साइडमध्ये ते ८० टक्के असतं, त्यामुळे ८० मिलिग्रॅम झिंकला १०० मिलिग्रॅम ऑक्साइड लागतं. ग्लुकोनेट असेल तर झिंक जेमतेम सातवा हिस्सा भरतं. दोन स्ट्रिपांवर ‘झिंक’ हा एकच शब्द आणि जवळजवळ सारखाच आकडा असूनही आत तिपटीचा फरक असू शकतो, तो इथे.

ल्यूटीनचंही तसंच. ते झेंडूच्या फुलांच्या अर्कापासून काढतात आणि कंपनीकडे पावडर येते ती ५, १० किंवा २० टक्क्यांची. ‘ल्यूटीन १० टक्के, १० मिलिग्रॅम’ याचा अर्थ १० मिलिग्रॅम पावडर असा निघत असेल तर खरं ल्यूटीन एकच मिलिग्रॅम झालं. ‘ल्यूटीन एस्टर’ लिहिलेलं असेल तर मोकळं ल्यूटीन साधारण निम्मं धरा. (दसऱ्याचा उरलेला झेंडू वाटून प्यायचा का, असा प्रश्न हल्ली मोबाइलवरच्या निरोपांमुळे येतो. नाही. हारातल्या फुलांवर फवारणी झालेली असते आणि ल्यूटीन तेलात विरघळतं, पाण्यात नाही.)

मग गुणाकार. अभ्यासातल्या घटकांचं नुसतं वजनच जवळपास एक ग्रॅम भरतं. म्हणूनच पहिल्या अभ्यासात दिवसाला चार गोळ्या होत्या, दोन सकाळी, दोन रात्री, जेवणासोबत. ‘रोज एकच’ लिहिलेली छोटीशी, सहज गिळता येणारी कॅप्सूल दिसली की तक्ता नीट वाचाच. उलट ‘दिवसाला दोन’ असलेल्या गोळीची मात्रा कधी एका गोळीची छापतात, कधी दोन्ही मिळून. ‘प्रति सर्व्हिंग’ आणि ‘सर्व्हिंग साइज’ हे दोन्ही शब्द शोधल्याशिवाय तुलना करू नका.

बदली मागितली गेली आणि मात्रा जुळत नसेल तर चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन लावा. फोन लागला नाही तर ‘चार दिवसांनी या, मागवून ठेवतो’ म्हणा. ही बीपीची गोळी नाही, चार-आठ दिवस चुकली तर काही बिघडत नाही. या एका बाबतीत घाई नसल्याचा फायदा घ्या.

बीटा कॅरोटीनबद्दल मात्र आम्ही कडक बोलणार आहोत. १९९४ मध्ये फिनलंडच्या अभ्यासात २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष होते. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला दुसरा अभ्यास अशाच कारणाने १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. एरेड्स-२ मध्ये सध्या धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलंच नव्हतं, तरीही त्या गटात फुप्फुसाचे कर्करोग दुपटीच्या आसपास निघाले, २ टक्के विरुद्ध ०.९ टक्के. कर्करोग झालेल्यांपैकी बहुतेक जण पूर्वी ओढून सोडलेले होते.

म्हणून प्रश्न ‘काका, सिगारेट ओढता का?’ असा विचारून भागत नाही. सत्तरीचे काका खुशाल ‘नाही’ म्हणतील, कारण बिडी सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली. ‘आयुष्यात कधी ओढायचात का?’ असं विचारा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ल्यूटीनची गोळी मिळत असताना बीटा कॅरोटीनची डोळ्यांची गोळी कुणालाच देऊ नका, आणि शक्य असेल तर मागवूच नका. लेबलवर ते ‘व्हिटॅमिन ए (बीटा कॅरोटीनच्या रूपात)’, ‘प्रोव्हिटॅमिन ए’ किंवा ‘मिक्स्ड कॅरोटिनॉइड्स’ अशा नावांनीही लपलेलं असतं. पेशंट आधीच एखादी मल्टिव्हिटॅमिन घेत असेल तर तिच्याही मागे बघा. गाजर खाल्ल्याने हा धोका होत नाही, ते खुशाल खाऊ द्या.

बाकी घटकही निरुपद्रवी नाहीत. झिंक रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं, म्हणून जेवणानंतर. जास्त झिंक दीर्घकाळ घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं, मग ॲनिमिया होतो आणि पांढऱ्या पेशी उतरतात. अभ्यासातल्या गोळीत २ मिलिग्रॅम कॉपर आहे ते त्यासाठीच. नुसतं जास्त झिंक असलेली आणि कॉपर नसलेली गोळी महिनोन्‌महिने देऊ नये. पहिल्या अभ्यासात झिंक घेणाऱ्यांना लघवीच्या मार्गाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात जास्त वेळा भरती व्हावं लागलं, त्यामुळे प्रोस्टेटचा त्रास असलेल्या काकांना याची कल्पना द्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सीसायक्लीन चालू असेल तर झिंक त्याला आतड्यातच बांधून ठेवतं. अँटिबायोटिक आधी घ्यायचं आणि झिंक किमान दोन तासांनी. झिंक आधी घेतलं गेलं असेल तर चार ते सहा तास थांबायचं. पाच दिवसांचा कोर्स असेल तर डोळ्यांची गोळी तेवढे दिवस बंद ठेवणंच सोपं पडतं. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्याला व्हिटॅमिन ई ४०० सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला लावा, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मुतखड्याचा जुना इतिहास असेल तर ५०० मिलिग्रॅम सीबद्दलही विचारायला लावा.

या आजाराच्या पलीकडे काय? मोतीबिंदू गोळीने थांबत नाही. दोन्ही एरेड्समध्ये थांबला नाही. दक्षिण भारतात ७९८ लोकांना पाच वर्षं बीटा कॅरोटीन, सी आणि ई देऊन पाहिलं, २००६ मध्ये निकाल आला, तिथेही फरक पडला नाही. मोतीबिंदूला शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. ‘गोळीने विरघळतो का बघू’ म्हणून वर्षं काढणाऱ्या आजीचा मोतीबिंदू तोवर पिकून कडक होतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

काचबिंदूत निकोटिनामाइडवर, म्हणजे बी-३ च्या एका रूपावर, काम चालू आहे. २०१७ मध्ये उंदरांवरचे निकाल आले, त्यानंतर माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या आणि मोठ्या चालू आहेत. तिथे मात्रा दिवसाला दीड ते तीन ग्रॅम इतकी असते, आणि एवढ्या मात्रेला यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. तुमच्याकडच्या बी-कॉम्प्लेक्समध्ये ती पन्नास-शंभर मिलिग्रॅम असते. तिने काचबिंदू थांबत नाही. निकोटिनिक ॲसिड तर वेगळंच, जास्त मात्रेत ते मॅक्युलाला सूज आणू शकतं. काचबिंदूचा पेशंट ‘आता व्हिटॅमिन घेतो, थेंब बंद करतो’ म्हणाला तर त्याला अडवा. मधुमेहाच्या पडद्याला साखर आणि रक्तदाब आवरणं आणि दरवर्षी पडदा तपासणं, याला पर्याय असलेली गोळी नाही.

व्हिटॅमिन खरोखर डोळे वाचवतं अशा जागा आहेत, आणि त्या तुमच्या काउंटरवरही येतात. लहान मुलांतला व्हिटॅमिन ए चा अभाव ही पहिली. नवव्या महिन्यात एक लाख युनिट आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, हा अंगणवाडीतला डोस त्यासाठी आहे. ‘व्हिटॅमिन म्हणजे डोळे’ हा समज बहुधा तिथूनच आला असावा. दुसरी जागा बी-१२. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत ते फार उतरतं, आणि क्वचित डोळ्याची नसही त्याने कमजोर होते : दोन्ही डोळ्यांत मधोमध अंधूक, रंग फिके, सोबत पायाला मुंग्या. अशा माणसाला ल्यूटीन विकून पाठवू नका, रक्त तपासायला पाठवा.

आहाराचं विचारलं तर पालक, मेथी, माठ, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक. भाजी तेलाच्या फोडणीत करायची, नुसती उकडून पाणी टाकून दिलेली नको. पालकातलं ल्यूटीन १०० ग्रॅममागे दहा मिलिग्रॅमच्या वर जातं, गोळीशी तुलना करायची तर करा. मात्र वॉरफरिनवाल्याने पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवायचं नाही, व्हिटॅमिन के मुळे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) खाली येतो.

ज्यांना शेवटच्या टप्प्याचा कोरडा आजार आहे आणि झीज अजून मध्यावर पोचलेली नाही, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये एक आशा दिसली. जुन्या अभ्यासांतली छायाचित्रं पुन्हा तपासली तेव्हा गोळी घेणाऱ्यांत झीज मध्याकडे सरकायचा वेग कमी आढळला. ही जुन्या माहितीची फेरतपासणी आहे, स्वतंत्र चाचणी नव्हे. पण अशा पेशंटला डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली असेल तर ‘आता काय उपयोग’ असं आपल्याकडून तोंडून जाऊ देऊ नका.

शेवटी तातडीचं. ‘दाराची चौकट वाकडी दिसते’, ‘फरशीच्या रेषा लाटेसारख्या दिसतात’, ‘मधोमध काळा ठिपका आला’ असं कुणी दोन-चार दिवसांपासून सांगत असेल तर ती ओल्या आजाराची खूण असू शकते. त्याला गोळी देऊच नका. त्याला डोळ्यात इंजेक्शनं लागतात, रॅनिबिझुमॅब, बेव्हॅसिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्टची, आणि ती वेळेत मिळाली तरच नजर टिकते. महिनाभर गोळ्या खाण्यात गेला तर मधे वण पडतो आणि तो भरून येत नाही.

त्यासाठी दुकानात ॲम्सलर ग्रिडच्या छापील प्रती ठेवा. दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत पाच-पाच मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेषा आणि मधे ठिपका. वाचायचा चष्मा लावून, हातभर नव्हे, साधारण एक फुटावर धरायचा. एक डोळा झाकून दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग उलट. रेषा वाकल्या, तुटल्या किंवा चौकोनाचा तुकडा गायब झाला तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं की चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो, आणि बहुतेक जण नेमकं तेच करतात. म्हणून डोळा झाकून तुमच्यासमोर एकदा करून घ्या, आणि कागद घरी कॅलेंडरशेजारी लावायला सांगा.

कळावे,

आपले,
काही नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट आणि फार्मासिस्ट